वस्तीत रक्ताचा पहिला नमुना घेण्याआधी: पुण्यात आरोग्य संशोधन सुरू करणाऱ्यांसाठी

कॉलेजात प्रोटोकॉल लिहायला शिकवतात, आकडेवारीचं सॉफ्टवेअर शिकवतात, संदर्भ कसे द्यायचे तेही शिकवतात. पण गावात उतरायचं कसं, आशाताईशी काय बोलायचं, एथिक्स कमिटीला (संशोधनाला नैतिक मंजुरी देणाऱ्या समितीला) नेमकं काय हवं असतं आणि एखाद्या बाईचं हिमोग्लोबिन ६ निघालं तर त्याच संध्याकाळी काय करायचं, हे कुणी सांगत नाही. ज्याचं त्यानं ठेचकाळत शिकायचं, असा रिवाज आहे.

मी पुण्यात प्रयोगशाळा आणि फील्ड यांच्या मधल्या जागेत, संशोधन समन्वयक म्हणून काम करते. नवीन विद्यार्थी आला की पहिला प्रश्न ठरलेला: “मॅडम, एथिक्सचा फॉर्म कुठे मिळेल?” माझं उत्तरही ठरलेलं: फॉर्म नंतर, आधी गावात जाऊन या. फायलीतला क्रम प्रोटोकॉल, मंजुरी, फील्ड, निष्कर्ष असा दिसतो. प्रत्यक्षात गाव पहिलं येतं आणि शेवटीही तेच येतं. मधली कागदपत्रं त्या दोन टोकांवर बेतावी लागतात.

हा लेख पदव्युत्तर वैद्यकीय, एमपीएच, पोषणशास्त्र आणि बायोटेकच्या मुलामुलींसाठी आहे. नवीन औषधाची किंवा लशीची चाचणी करणार असाल तर हा लेख पुरणार नाही. त्याला २०१९ चे ‘न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स’ नियम लागतात, गंभीर दुष्परिणाम २४ तासांत कळवावा लागतो आणि भरपाईचं वेगळं गणित असतं. इथे आपण एक साधं उदाहरण धरून चालू: मुळशी किंवा भोर तालुक्यातल्या स्त्रियांमधला अ‍ॅनिमिया, आणि त्यात लोह किती, बी १२ किती.

१. तुमचं काम साखळीत कुठे बसतं ते ओळखा

‘ट्रान्सलेशनल’ हा शब्द हल्ली प्रत्येक अर्जात असतो. अर्थ सरळ आहे: प्रयोगशाळेत सापडलेली गोष्ट माणसांवर तपासणं, मग दवाखान्यात आणणं, मग सगळ्यांपर्यंत पोचवणं. एक साखळी बघा. रोटाव्हायरसचा ११६ई हा प्रकार १९८० च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये नवजात बाळांमध्ये सापडला. त्यावरून ‘रोटाव्हॅक’ लस तयार झाली. तिची तिसऱ्या टप्प्याची चाचणी ६,७९९ बाळांवर तीन ठिकाणी झाली: दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या शिरूर तालुक्यातलं वढू. २०१६ मध्ये लस राष्ट्रीय लसीकरणात आली. म्हणजे तीस वर्षं. त्यातलं वढूचं काम म्हणजे आयांशी बोलणं, घरी जाऊन जुलाबाची नोंद घेणं, बाळ आजारी पडलं की गाडी करून दवाखान्यात पोचवणं. ते झालं नसतं तर लस फ्रीजमध्येच राहिली असती.

तुमचा एमडीचा थीसिस ही अख्खी साखळी ओढणार नाही, आणि ओढायचीही नाही. कुठली एक कडी तुमची, ते एका वाक्यात लिहा. “मुळशीतल्या स्त्रियांच्या अ‍ॅनिमियात बी १२ च्या कमतरतेचा वाटा किती, आणि लोहाच्या गोळ्या देऊनही ज्यांचं हिमोग्लोबिन वाढत नाही त्यांच्यात तो जास्त आहे का?” एवढं वाक्य हातात असेल तर पुढचं निम्मं सोपं होतं.

२. प्रश्न गावात नेऊन तपासा

सगळ्यात मोठा सापळा म्हणजे ‘आपल्या लॅबमध्ये किट आहे, तेवढंच मोजू’. किट आहे म्हणून निघालेला प्रश्न गावाला आपला वाटत नाही, आणि दुसऱ्या फेरीला लोक दार उघडत नाहीत.

उलटं कसं घडतं ते पुण्यानं अलीकडेच पाहिलं. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदोशी, धायरी भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे नसांवर परिणाम करून अशक्तपणा आणणारा आजार) रुग्ण वाढले. लोकांचा प्रश्न एकच होता: पाणी चांगलं आहे का? एनआयव्हीनं (राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेनं) रुग्णांचे शौचाचे नमुने तपासले, त्यांत काहींमध्ये कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी आणि नोरोव्हायरस सापडले. गल्लीतला प्रश्न आणि प्रयोगशाळेतलं उत्तर एकाच विहिरीपाशी आले, म्हणून लोकांनी ते ऐकून घेतलं.

तुमचा प्रश्न इतका तातडीचा नसेल. तरी तीन जणींशी बोलून घ्या: उपकेंद्राची एएनएम (परिचारिका), अंगणवाडीच्या सेविका आणि बचतगटातली कुणी बोलकी बाई. “इथे बायकांना दम लागतो, चक्कर येते, त्याचं काय करतात?” एवढंच विचारा आणि गप्प बसा. ‘गोळ्यांनी पोट बिघडतं म्हणून टाकून देतात’ हे मला कुठल्याच शोधनिबंधात आधी भेटलं नव्हतं, गावात पहिल्याच बैठकीत भेटलं. त्यावरून प्रश्नावलीत एक अख्खा भाग वाढला.

३. पुण्यात कुणाचं दार ठोठवायचं

या शहरात संस्थांना तोटा नाही, पण कोण काय करतं हे माहीत नसलं की माणूस गणेशखिंडीतून भोसरीला नि भोसरीतून पाषाणला फिरत राहतो. माझ्या नजरेतून ढोबळ नकाशा असा:

विषाणूंचं काम असेल तर एनआयव्ही, जी १९५२ पासून पुण्यात आहे. एचआयव्ही आणि त्यासोबतच्या आजारांसाठी भोसरीची ‘नारी’ (राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था). ही संस्था १९९२ ची, आता तिचं नावच ‘ट्रान्सलेशनल विषाणूशास्त्र आणि एड्स संशोधन संस्था’ असं झालं आहे. देशातली पहिली एचआयव्ही लस-चाचणी २००५ मध्ये तिथेच सुरू झाली. मोठी रुग्णसंख्या हवी असेल किंवा क्षयरोग, गरोदरपण असे विषय असतील तर बीजे मेडिकल आणि ससून. पेशी-रेणूंच्या पातळीवर जायचं असेल तर विद्यापीठाच्या आवारातली एनसीसीएस (राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र), पाषाणची आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) आणि एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा). कर्करोगाच्या ऊतींवर काम करायचं असेल तर आयसर आणि प्रशांती कॅन्सर केअर मिशन यांनी मिळून उभं केलेलं केंद्र आहे. उपकरण किंवा तपासणी-किट बनवायचं डोक्यात असेल तर एनसीएलच्या आवारातलं व्हेंचर सेंटर.

आणि गावपातळीवरचं काम शिकायचं असेल तर पुण्याचं केईएम रुग्णालय. हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण त्यावर जरा थांबायचं आहे. डॉ. बानू कोयाजींनी १९७० च्या दशकात वढूला ग्रामीण आरोग्याचं काम रुजवलं, गावातल्याच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवलं. १९९३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००२ पासून तिथल्या २२ गावांत घरोघरच्या जन्म, मृत्यू, स्थलांतराची नियमित नोंद ठेवली जाते. दुसरीकडे केईएमच्याच मधुमेह विभागात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. बाळं वजनानं कमी पण चरबीनं तुलनेनं जास्त, ही गोष्ट तिथून पुढे आली. बहुतेक आयांमध्ये बी १२ कमी होतं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालं की आईचं बी १२ कमी आणि फोलेट (हेही एक बी जीवनसत्त्व) जास्त असेल तर सहा वर्षांच्या मुलांत इन्सुलिनला प्रतिरोध जास्त दिसतो. पुढे तीच मुलं किशोरवयात आल्यावर त्यांच्यासोबत बी १२ देऊन बघण्याची चाचणी उभी राहिली. ज्या गावांनी आईच्या पोटातल्या बाळासाठी होकार दिला, त्याच गावांनी त्या बाळाच्या तारुण्यातही दिला. असा होकार कुठलंही संमतीपत्रक आणून देत नाही. तुमचा अभ्यास सहा महिन्यांचा असला तरी त्या गावांत फिरून, तिथल्या फील्डवर्करशी चहा पिऊन या. खूप शिकाल.

मार्गदर्शक निवडताना एक बघा: त्यांच्या हाताखालचा फील्ड-स्टाफ टिकतो का? गाइडचं नाव मोठं आणि फील्डवर दर तीन महिन्यांनी नवा माणूस, अशा ठिकाणी अभ्यास अर्धवट सुटतात.

एमबीबीएस किंवा बीडीएसला असाल तर आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) दोन महिन्यांची विद्यार्थी संशोधन योजना, म्हणजे एसटीएस, हा चांगला उंबरठा आहे. दोन महिन्यांत होईल तेवढाच प्रश्न घ्या. हावरटपणा नको.

४. गावात पाय ठेवताना

क्रम असा ठेवा. आधी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात पत्र, तिथून तालुका आरोग्य अधिकारी, मग प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी. शहरातल्या वस्तीत काम असेल तर महापालिकेचा आरोग्य विभाग, पिंपरी-चिंचवडमध्ये तिथली पालिका. ही वाट चुकवून थेट आशाताईंना गाठलंत तर त्या बिचाऱ्या कात्रीत सापडतात: नाही म्हणवत नाही आणि साहेबांना विचारल्याशिवाय हो म्हणता येत नाही.

मग सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील. शहरात नगरसेवकांपेक्षा मंडळाचे कार्यकर्ते आणि महिला बचतगट जास्त उपयोगी पडतात, हा माझा अनुभव.

आशाताईंबद्दल दोन शब्द. त्यांना कामागणिक मोबदला मिळतो, त्यांचा दिवस आधीच भरलेला असतो. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर मातांची तपासणी असते, त्या दिवशी तुमचं शिबिर लावू नका. लसीकरणाचा दिवस, पोलिओ रविवार हेही टाळा. त्यांच्या वेळेचे पैसे बजेटमध्ये धरा आणि तशी ओळ एथिक्सच्या अर्जातही टाका. फुकट राबवून घेणारे संशोधक त्यांना चांगले ओळखू येतात.

दिनदर्शिका समोर ठेवूनच तारखा ठरवा. मुळशी, भोर, वेल्हे, मावळात भातलावणीच्या दिवसांत दुपारी गावात चिटपाखरू नसतं. दौंड, शिरूर, इंदापूरकडे ऊसतोडीच्या हंगामात वस्त्या बदलतात, आज भेटलेली बाई पुढच्या फेरीला दुसऱ्या कारखान्यावर असते. आषाढात पालख्या, मग गणपती, मग नवरात्र. नवरात्रात नऊ दिवस उपास धरलेल्या बायका रक्त द्यायला तयार नसतात आणि तेव्हा घेतलेल्या नमुन्याला अर्थही नसतो. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली असेल तर सरळ थांबा. त्या काळात वही-पेन घेऊन आलेला प्रत्येक माणूस कुठल्या तरी गटाचा असतो.

पहिल्या भेटीत फॉर्म नेऊ नका. फोटो काढू नका. “मागच्या वर्षी पण एक जण येऊन रक्त घेऊन गेले, त्याचं काय झालं?” हा प्रश्न येणार, तयारी ठेवा. मागचे कोण होते हे शोधायला जाऊ नका, त्यांच्या वतीनं सारवासारवही करू नका. तुम्ही अहवाल कधी, कुणाच्या हातून, कसा देणार ते तारखेसकट सांगा.

जमलं तर गावातल्या पाच-सात जणांचा सल्लागार गट करा. इंग्रजीत त्याला कम्युनिटी अ‍ॅडव्हायजरी बोर्ड म्हणतात आणि आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांतही समुदायाच्या सहभागावर भर आहे. त्यात सगळे पुढारी घेऊ नका. एक सासू, एक सून, एक कॉलेजची मुलगी आणि ज्या वाडीला सगळे विसरतात तिथली एक बाई, एवढं तरी असू द्या.

५. संमतीपत्रक: इथे घाई केलीत तर पुढे सगळं अडतं

बहुतेक विद्यार्थी आधी इंग्रजीत लिहितात आणि मग ऑनलाइन भाषांतरातून मराठी काढतात. असं पत्रक वाचताना कमिटीतले सदस्य एकमेकांकडे बघतात. आधी मराठीत लिहा, तेही बोलताना वापरता त्या मराठीत, मग त्याचं इंग्रजी करा. काही कमिट्यांना उलट भाषांतर आणि त्याचं प्रमाणपत्र लागतं, ते आधीच विचारून घ्या.

“१० मिली शिरेतील रक्त” असं लिहिलंत तर काही कळत नाही. “चहाचे साधारण दोन छोटे चमचे” असं लिहा. एका बैठकीत एक आजी म्हणाल्या, “बाटलीभर घेता म्हणं.” मी पर्समधून रिकामी नळी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती करंगळीशेजारी धरून पाहिली, सुनेला दाखवली, टोपण उघडून आत बोट घालायचा प्रयत्न केला आणि परत केली. त्यानंतर रक्ताबद्दल त्या घरातून एकही प्रश्न आला नाही. फील्डच्या पिशवीत एक रिकामी नळी कायम ठेवा.

पत्रकात हे आलंच पाहिजे: अभ्यास कशासाठी, किती वेळ लागणार, काय त्रास होऊ शकतो (सुई टोचलेल्या जागी काळंनिळं होणं, क्वचित चक्कर), फायदा काय, कधीही मागे हटता येईल आणि हटल्यास सरकारी दवाखान्यातली सेवा बंद होणार नाही, माहिती गुप्त कशी राहील, उरलेलं रक्त साठवणार का आणि पुढे त्यावर काय करणार, अडचण आली तर कुणाला फोन. उरलेल्या रक्तासाठी वेगळा होय-नाहीचा चौकोन ठेवा. एकाच सहीत सगळं गुंडाळू नका.

वाचता न येणाऱ्या व्यक्तीसाठी निष्पक्ष साक्षीदार लागतो. तो तुमच्या टीमचा नसावा. पूर्ण चर्चा त्याच्यासमोर व्हावी, मग अंगठा आणि साक्षीदाराची सही. १८ वर्षांखालील मुलींसाठी आईवडिलांची संमती लागतेच, शिवाय ७ ते १२ वयाच्या मुलांचा तोंडी आणि १२ ते १८ वयाच्यांचा लेखी होकार लागतो. मुलगी नको म्हणाली आणि आई हो म्हणाली, तर उत्तर ‘नको’ असंच धरायचं.

सरपंचांनी माइकवरून “सगळ्यांनी रक्त द्यायचं” असं सांगितलं की आपल्याला बरं वाटतं. ते धोक्याचं आहे. गावाची परवानगी म्हणजे गावात यायची परवानगी. प्रत्येक बाईचा होकार वेगळा, आणि तो सासू-नवरा बाजूला नसताना विचारता आला तर उत्तम.

भेटवस्तूंचंही तसंच. बुडालेली मजुरी आणि प्रवासखर्च द्या, प्रोटोकॉलमध्ये रक्कम लिहा. स्टीलचे डबे वाटून गर्दी जमवलीत तर कमिटी त्याला आमिष म्हणेल आणि ते बरोबरच आहे.

६. एथिक्स कमिटी

कमिटी म्हणजे अडथळा, हा समज काढून टाका. नियमाप्रमाणे तिच्यात किमान सात सदस्य असतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचे असतात, डॉक्टरांबरोबर कायद्याचे जाणकार, समाजशास्त्राची व्यक्ती आणि एक सामान्य नागरिक असतो. सगळ्यात नेमका प्रश्न बहुधा हा सामान्य नागरिकच विचारतो: “अहवालात काही वाईट निघालं तर तुम्ही काय करणार?”

तुमची संस्था कमिटी चालवत नसेल तर लेखी कराराने दुसऱ्या संस्थेची कमिटी घेता येते. कमिटी आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली आहे का, तो क्रमांक मागून घ्या. प्रयोगशाळा एका संस्थेत आणि फील्ड दुसऱ्या संस्थेचं असेल तर दोन्हीकडे विचारा. एकीची मंजुरी दुसरीला चालेलच असं नाही.

फाइलमध्ये साधारण हे लागतं:

– प्रोटोकॉल, त्याच्या प्रत्येक पानावर आवृत्ती क्रमांक आणि तारीख
– मराठी व इंग्रजी माहितीपत्रक, संमतीपत्रक, लागल्यास मुलांसाठी वेगळं होकारपत्रक
– प्रश्नावली, मराठीसकट
– मुख्य संशोधक आणि सहसंशोधकांचे बायोडेटा, जीसीपी (गुड क्लिनिकल प्रॅक्टिस) प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं
– बजेट आणि निधी कुणाचा त्याचं पत्र
– प्रयोगशाळेशी, तसंच नमुने हलवणार असाल तर दोन्ही संस्थांमधला करार
– जिल्हा परिषद किंवा पालिकेचं परवानगीपत्र, शाळेत काम असेल तर मुख्याध्यापकांचंही
– असामान्य अहवाल आला तर रुग्ण कुठे पाठवणार, याची एक पानी योजना

शेवटचा कागद फारसं कुणी मागत नाही. तुम्ही स्वतःहून जोडा.

आवृत्ती आणि तारीख हा किरकोळ वाटणारा मुद्दा सगळ्यात जास्त फायली परत पाठवतो. माहितीपत्रकावर आवृत्ती १.२ आणि अर्जात १.१, एवढ्यावरून महिना जातो. मंजुरीला दोन-तीन महिने धरून चला. मंजुरीनंतर प्रश्नावलीत एक प्रश्न जरी वाढवला तरी दुरुस्तीचा अर्ज द्यावा लागतो, आणि तो मंजूर होईपर्यंत जुनीच वापरायची.

७. बाकीच्या मंजुऱ्या

हे पटकन उरकू. तुमच्या अभ्यासात गोळी, आहार, व्यायाम, समुपदेशन असं काही ‘देऊन बघायचं’ असेल तर सीटीआरआयवर (चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत) नोंदणी करा. २०१८ च्या १ एप्रिलपासून पहिला सहभागी घेण्याआधीच ती करावी लागते, नंतर होत नाही. पैसे लागत नाहीत. नुसत्या निरीक्षणाच्या अभ्यासाचीही नोंद करता येते, करून टाका. परदेशी निधी किंवा भागीदार असेल तर आयसीएमआरमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीकडे जावं लागतं. त्याला वेळ लागतो, म्हणून अर्ज लवकर टाका. एचआयव्हीची तपासणी करणार असाल तर २०१७ चा कायदा वाचा: संमती आणि गुप्तता दोन्ही बंधनकारक आहेत.

८. नमुन्याचा दिवस

पिशवीत काय हवं: नावाऐवजी कोड असलेली छापील लेबलं, नळ्या (शेकडा दहा जास्तीच्या), हातमोजे, टुर्निके, स्पिरिट, कापूस, चिकटपट्टी, बर्फाचा डबा आणि त्यात थर्मामीटर, नोंदवही, पाण्याची बाटली, बिस्किटं, साखर. लेबल हातानं लिहू नका. ओल्या हातानं शाई पुसते.

उपाशीपोटी नमुना हवा असेल तर आदल्या संध्याकाळी आशाताईंकडून निरोप जाऊ द्या आणि तो तंतोतंत असू द्या: रात्री नऊनंतर पाण्याशिवाय काही नको, सकाळचा चहा नको, साबुदाण्याची खिचडीही नको.

आधी लाल किंवा पिवळ्या टोपणाची नळी, मग जांभळी. जांभळी आठ-दहा वेळा हळुवार उलटसुलट करायची, घुसळायची नाही. रक्तपेशी फुटल्या की फोलेट खोटंच जास्त दिसतं. लाल-पिवळ्या नळीतलं रक्त गोठायला अर्धा तास द्या, मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा. बी १२ एकवेळ थोडा उशीर सहन करतं, पण होमोसिस्टीन (बी १२ कमी पडलं की रक्तात वाढणारं अमिनो आम्ल) मोजणार असाल तर रक्त बर्फावर ठेवून तासाभरात प्लाझ्मा वेगळा करावा लागतो, नाहीतर पेशींमधून होमोसिस्टीन बाहेर येत राहतं आणि आकडा चढतो. मुळशीहून निघून चांदणी चौकात अडकलात तर तो तास तिथेच संपतो. म्हणून छोटं सेंट्रिफ्यूज गावातच न्या आणि आरोग्य केंद्रात वीज कधी जाते ते आधी विचारा.

हिमोग्लोबिन बोटातून मोजायचं की शिरेतून, ते एकदाच ठरवा. निम्म्या जणींचं असं, निम्म्या जणींचं तसं केलंत तर आकडे एकमेकांशी जुळणार नाहीत. आणि पेशींच्या आकारावर विसंबू नका. लोह आणि बी १२ दोन्ही कमी असले की आकार मधलाच, म्हणजे अगदी ठीक दिसू शकतो.

कचरा परत आणायचा. सुया पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, रक्त लागलेला कापूस पिवळ्या पिशवीत, हातमोजे आणि नळ्या लाल पिशवीत. एक सुई जरी अंगणवाडीच्या ओट्याखाली राहिली तरी त्या गावात तुमचं काम संपलं.

बायकांची रांग उघड्यावर लावू नका, एका खोलीला पडदा तरी लावा. मासिक पाळीचे प्रश्न बाईनंच, दार लोटून विचारायचे.

९. अहवाल परत देणं

सगळ्यात दुर्लक्षित पायरी हीच, आणि माझ्या मते अभ्यासाची प्रत यावरूनच कळते.

गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर अ‍ॅनिमिया, ८ च्या खाली तीव्र. गरोदर स्त्रीसाठी हे आकडे ११ आणि ७. तीव्र निघालेल्या प्रत्येकीला त्याच दिवशी फोन जायला हवा, आणि फोन करणाऱ्याला कुठल्या दवाखान्यात, कुणाला भेटायचं हे सांगता आलं पाहिजे. त्यासाठी वैद्यकीय अधिकाऱ्यांशी नमुने घेण्याआधी बोलणं झालेलं असावं. केंद्रात लोहाच्या गोळ्यांचा साठा आहे का, तेही बघा. ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’मध्ये किशोरवयीनांना निळी गोळी असते आणि प्रौढ स्त्रियांना लाल. तुम्ही वेगळ्या गोळ्या वाटत बसलात तर मुली दोन्ही सोडून देतील. बी १२ कमी निघालं तर त्या गोळ्यांनी ते भरून निघत नाही. त्याचं औषध कुठून, कोण देणार, हे बजेट मांडतानाच ठरवा.

अहवाल मराठीत, एका पानावर. वर आकडा, खाली “म्हणजे काय” आणि “आता काय करायचं” अशा दोन ओळी. लिफाफ्यात घालून ज्याचा त्याच्या हातात द्या. अंगणवाडीत गठ्ठा ठेवून “आपापले घ्या” केलंत की कुणाच्या सुनेचं रक्त किती कमी, हे संध्याकाळपर्यंत सगळ्या वाडीला कळतं.

एकत्रित निष्कर्ष महिला ग्रामसभेत किंवा बचतगटाच्या बैठकीत सांगा, रात्रीची जेवणं उरकल्यावर. पी-व्हॅल्यू, टक्केवारी बाजूला ठेवा. ‘दहा जणी बसल्यात, त्यांतल्या इतक्या जणींना’ असं म्हणून तेवढ्या जणींना हात वर करायला लावा, लगेच कळतं. आणि मग थांबा, त्या काय विचारतात ते लिहून घ्या. पुढच्या अभ्यासाचा प्रश्न तिथेच मिळतो.

१०. अभ्यास बंद करताना

कमिटीला समारोपाचा अहवाल द्या. ज्यांनी ‘नाही’ वर खूण केली त्यांचे उरलेले नमुने नियमाप्रमाणे नष्ट करा आणि तशी नोंद ठेवा. नाव आणि कोड जोडणारी यादी वेगळ्या कुलपात ठेवा, तिची प्रत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कधीच गेली नसावी. आशाताई, एएनएम, सेविका यांचे राहिलेले पैसे आधी चुकते करा, त्यांची नावं त्यांना विचारून आभारात लिहा. आरोग्य केंद्राला निष्कर्षांची मराठी प्रत द्या. फील्डचा मोबाइल नंबर मात्र लगेच बंद करू नका: अहवालाचा कागद हातात धरून लोक सहा महिन्यांनीही फोन करतात, तेव्हा तो उचलणारं कुणीतरी नेमून ठेवा.